पाण्याची पातळी आणि पाखरांची वस्ती

पक्षी पाहावयास निघालेल्या मनुष्याची दृष्टी साहजिकच वर जाते. झाडांचे शेंडे, विजेच्या तारा, आकाशाची निळी पोकळी यांकडे तो पाहत राहतो. रानावनात हे योग्यच आहे. परंतु पाणथळ जागी पक्षी पाहावयाचे असतील, तर प्रथम खाली पाहिले पाहिजे आणि आज येथे पाणी किती आहे, हा प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे. पाणी किती खोल आहे, ते केव्हा चढले आणि केव्हा ओसरू लागले, एवढे समजले म्हणजे तेथे कोणते पक्षी दिसतील, ते किती दिवस राहतील आणि कोणाची पिले जगतील, याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. पाणी आणि पाखरे यांचा हा संबंध कसा असतो, तो बिघडला म्हणजे काय होते आणि तो राखणे किती अवघड असते, हे समजून घेण्यासाठी राजस्थानातील भरतपूरच्या पक्षितीर्थासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम पाणथळ म्हणजे काय, हे पाहू. जी जागा धड कोरडी जमीनही नाही आणि धड खोल जलाशयही नाही, तिला पाणथळ म्हणतात. येथे पाणी उथळ असते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. त्यामुळे तळाशी पाणवनस्पती उगवतात. त्यांवर किडे, गोगलगाई, बेडूक व लहान मासे पोसले जातात आणि या सर्वांवर पक्षी जगतात. खोल धरणाच्या मध्यभागी पाणी पुष्कळ असते, पण तळाशी अंधार असतो आणि म्हणून तेथे पक्षीही थोडेच आढळतात. उथळपणा हीच पाणथळ जागेची खरी संपत्ती होय.

भरतपूर हे नगर आग्र्याच्या पश्चिमेस सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर आहे. नगराला लागूनच केवलादेव राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. उद्यानात केवलादेव नावाचे शिवाचे प्राचीन मंदिर आहे, त्यावरून हे नाव पडले. लोक या जागेस ‘घना’ असेही म्हणतात. घना म्हणजे दाट झाडी. उद्यानाचे क्षेत्रफळ जेमतेम एकोणतीस चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारे एकतृतीयांश भाग पावसाळ्यात पाण्याखाली जातो. एवढ्या लहानशा जागेत साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे.

ही भूमी मुळात सखल आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी येथील खळग्यात साचत असे. अठराव्या शतकात भरतपूरचे राजे सूरजमल यांच्या काळात या भागात अजान बांध नावाचा मातीचा बांध घातला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूरच्या संस्थानिकांनी या सखल भागाची आणखी बांधणी केली. लहान लहान बांध घालून त्यांनी जागेचे भाग पाडले, कालवा खणून अजान बांधातील पाणी आत आणले आणि एका भागातून दुसऱ्या भागात पाणी सोडण्यासाठी दारे बसविली. म्हणजे आज आपण ज्याला निसर्गाचे लेणे म्हणतो, ते निसर्ग आणि मनुष्य या दोघांनी मिळून घडविलेले आहे. येथील पाण्याची उंची पावसावर जितकी अवलंबून आहे, तितकीच दारे उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या हातांवरही आहे.

हे सारे श्रम कशासाठी केले गेले? बदकांच्या शिकारीसाठी! १९०२ सालापासून येथे शिकारीचे मोठमोठे सोहळे होऊ लागले. उद्यानात आजही एक शिलालेख उभा आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या पाहुण्याच्या सन्मानार्थ, किती पक्षी मारले गेले, हे त्यावर कोरलेले आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले, अशी त्यावर नोंद आहे. आज तो आकडा वाचताना मन विषण्ण होते. पण त्याच आकड्यावरून या पाण्यावर केवढे थवे उतरत असतील, याचीही कल्पना येते.

स्वातंत्र्यानंतर काळ पालटला. १९५६ साली या जागेस पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी येथे अनेक वर्षे पक्ष्यांचा अभ्यास केला. पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली हलकी कडी घालून ते कोठून येतात व कोठे जातात, याचा शोध घेतला गेला. १९८१ साली भारताने आपल्या ज्या दोन पाणथळ जागा प्रथम रामसर यादीत नोंदविल्या, त्यांत ओरिसातील चिल्का सरोवराबरोबर केवलादेव ही एक होती. जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांचे रक्षण करण्यासाठी १९७१ साली इराणमधील रामसर या गावी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची ही यादी होय. त्यानंतर लवकरच केवलादेवला राष्ट्रीय उद्यान घोषित करण्यात आले आणि १९८५ साली जागतिक वारसास्थळांतही त्याची गणना झाली.

आता या पाण्याचे वर्षभराचे चक्र पाहू. जूनमध्ये उद्यान जवळजवळ कोरडे असते. काही खोल खळग्यांत तेवढे पाणी उरलेले असते. जुलैपासून पाऊस सुरू होतो, बांधातील पाणी कालव्याने आत येऊ लागते आणि सप्टेंबरपर्यंत सखल भागात एक ते दोन मीटर खोल पाणी साचते. ऑक्टोबरपासून ते हळूहळू उतरू लागते. थंडीचे महिने असेच जातात. फेब्रुवारीपासून काठाची जमीन उघडी पडत जाते आणि ग्रीष्मात तळाची माती उन्हाने भेगाळते. पाणी चढावे, काही काळ स्थिर राहावे, मग सावकाश उतरावे आणि शेवटी आटावे, असा हा क्रम आहे. पक्ष्यांचे सारे जीवन या क्रमाशी जुळलेले असते.

ते कसे, हे कळण्यासाठी पक्ष्यांच्या शरीराकडे पाहिले पाहिजे. पाणथळ जागेतील प्रत्येक पक्ष्याला पाण्याची एक विशिष्ट खोली मानवते. ती खोली बहुधा त्याच्या पायांची लांबी, मानेची लांबी आणि चोचीचा आकार यांनी ठरते. काठावरच्या ओल्या चिखलात तुतवार आणि चिखल्या हे चिमुकले पक्षी धावत असतात. त्यांचे पाय तोकडे असतात. बोट-दोन बोटे पाणी असले तरच त्यांना चिखलातील किडे टिपता येतात. थोडे आत, वीतभर पाण्यात, शेकाट्या दिसतो. त्याचे गुलाबी पाय काडीसारखे बारीक व शरीराच्या मानाने फारच लांब असतात. तो ज्या पाण्यात सुखाने चालतो, तेथे तुतवाराला पोहावे लागेल. त्याच्याही पलीकडे, गुडघाभर पाण्यात, बगळे, चमचे आणि करकोचे उभे राहतात. चमचा हा पक्षी आपली चमच्यासारखी चपटी चोच पाण्यात घालून ती डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे फिरवीत पुढे जातो. यासाठी पाणी उथळच असावे लागते.

बदकांचेही असेच आहे. सर्व बदके सारखीच पोहतात असे वरवर वाटते, परंतु त्यांच्या जेवणाच्या रीती निरनिराळ्या आहेत. थापट्या आपल्या रुंद चोचीने पृष्ठभागावरचे पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म जीव खातो. चक्रांग आणि तलवार बदक डोके पाण्याखाली घालतात, शेपटी वर करतात आणि तळाचे बी व कंद खुडतात. तलवार बदकाची मान लांब असल्यामुळे त्याचा घास चक्रांगाच्या घासापेक्षा खोलवर पोहोचतो. पाणी हात-दीड हाताहून अधिक खोल झाले, की या दोघांनाही तळ लागत नाही. पृष्ठभागावर बदके तरंगताना दिसत असली, तरी ती तेथे केवळ विश्रांती घेत असतात, जेवत नसतात. अशा खोल पाण्यात लालसरीचे राज्य असते. ही बदके बुडी मारून तळ गाठतात. टिबुकली, पाणकावळा आणि लांब मानेचा सापमान्या हेही बुडी मारणारेच. कमळांच्या पसरट पानांवरून कमळपक्षी आपल्या लांब बोटांच्या आधारे चालतो, तर वेताएवढ्या उंच पाणगवतात जांभळ्या पाणकोंबड्या लपतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. एखाद्या तळ्याचे पाणी सर्वत्र सारख्याच खोलीचे असेल, तर तेथे थोड्याच जातींचे पक्षी राहू शकतील. काठ उतरता असेल, तळ कोठे उंच व कोठे सखल असेल, तर काठावरच्या चिखलापासून मध्यभागच्या खोल पाण्यापर्यंत प्रत्येकाला आपली जागा मिळेल. शिवाय पाणी हळूहळू उतरत असेल, तर आज जेथे लालसरी बुडी मारीत आहे, तेथे महिन्याभराने तलवार बदक डोके बुडवील आणि आणखी दोन महिन्यांनी तुतवार चिखल चाळील. जागा तीच असते, पण उतरते पाणी तिचे ताट एकामागून एक निरनिराळ्या पाहुण्यांपुढे वाढते.

हिवाळ्यातील पाहुण्यांप्रमाणेच येथील कायमच्या रहिवाशांचेही भवितव्य पाण्यावरच ठरते. भरतपूरच्या पाण्यात बाभळीची व कदंबाची झाडे उभी आहेत. पावसाळ्यात या झाडांवर चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, बगळे, पाणकावळे, चमचे आणि कुदळे हजारोंच्या संख्येने घरटी बांधतात. एकेका झाडावर अनेक जातींची कितीतरी घरटी असतात. हे पक्षी पाण्यातील झाडच का निवडतात? किल्ल्याभोवती जसा खंदक असतो, तसे झाडाभोवतीचे पाणी त्यांचे रक्षण करते. कोल्हे, रानमांजरे अशा प्राण्यांना सहजासहजी तेथवर पोहोचता येत नाही. दुसरे कारण अन्नाचे. पावसाळ्यात नदीच्या पाण्याबरोबर माशांची पिले लक्षावधींनी आत येतात. चित्रबलाकाची पिले अंड्यांतून बाहेर पडतात, त्याच सुमारास हे लहान मासे विपुल असतात. पिलांची भूक मोठी असते आणि मायबाप दिवसभर उथळ पाण्यातून मासे वेचून आणतात.

आता समजा, पाऊस कमी पडला आणि पाणी आलेच नाही. मग चित्रबलाक घरटी बांधण्याच्या भानगडीतच पडत नाही. समजा, पाणी आले पण पुरेसे नव्हते आणि पिले लहान असतानाच ते आटले. मग खंदक नाहीसा होतो, मासेही संपतात. अशा वेळी मायबाप घरटी सोडून निघून जातात आणि पिले उपाशी मरतात. उलट, घरटी बांधून झाल्यावर पाणी एकाएकी चढले तर काय होते, हे सारस पक्ष्याच्या उदाहरणावरून कळते. सारस हा मनुष्याएवढा उंच पक्षी उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून त्यावर अंडी घालतो. पाणी सावकाश चढले, तर नर-मादी दोघे मिळून आणखी गवत रचून घरटे उंच करतात. परंतु पाणी एका रात्रीत हातभर चढले, तर अंडी वाहून जातात. तेव्हा पाणी पुष्कळ असणे, एवढेच पुरेसे नाही. ते योग्य वेळी यावे, योग्य वेगाने चढावे आणि योग्य वेगाने उतरावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

येथे एक शंका मनात येईल. पाणी इतके मोलाचे आहे, तर ते वर्षभर भरलेलेच का ठेवू नये? उन्हाळ्यात जमीन भेगाळू देण्यात काय लाभ? ही शंका स्वाभाविक आहे, पण तिचे उत्तर निसर्गाच्या व्यवहारात सापडते. तळाची माती उन्हात तापली, तिला हवा लागली, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचे खत होते. अनेक पाणवनस्पतींचे बी उघड्या, ओलसर मातीतच रुजते. पाण्यात वर्षानुवर्षे सतत बुडून राहिलेली झाडे मरतात. शिवाय पाणी आटत जाते, तसे मासे उरलेल्या डबक्यांत दाटीने गोळा होतात आणि त्या मेजवानीसाठी पाणकोळी म्हणजे पेलिकनसारखे पक्षी येतात. शेतकरी उन्हाळ्यात नांगरून जमीन तापू देतो, तसाच हा प्रकार आहे. ओले आणि कोरडे यांचा आळीपाळीने येणारा क्रम हाच पाणथळ जागेचा श्वासोच्छ्वास होय.

पाण्याच्या पातळीबरोबर पाण्यातील वनस्पतींचाही तोल सांभाळावा लागतो. हा धडा भरतपूरला मोठी किंमत देऊन शिकावा लागला. पूर्वी आसपासच्या गावांतील म्हशी व गुरे उद्यानात चरत असत. गुरांमुळे पक्ष्यांना उपद्रव होतो असे समजून १९८२ साली चराई बंद करण्यात आली. अनेक जाणत्यांचेही मत त्या वेळी तसेच होते. गावकऱ्यांची मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची चराई एकाएकी गेली. त्यातून संघर्ष उद्भवला आणि त्यात काही ग्रामस्थांचे प्राणही गेले. पुढील काही वर्षांत एक अनपेक्षित गोष्ट दिसून आली. पाण्यात आडवे पसरणारे एक गवत, जे म्हशी पाण्यात शिरून खात असत, ते आता अनिर्बंध वाढले. त्याचे जाड थर पृष्ठभागावर पसरले. मोकळे पाणी नाहीसे होऊ लागले. बदकांना उतरावयास जागा उरेना, माशांची वाढ खुंटली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी सुमारे दहा वर्षे निरीक्षण करून ही गोष्ट पुराव्यानिशी मांडली. म्हशी या पाणथळ जागेच्या शत्रू नसून तिच्या व्यवहारातील भागीदार होत्या, असे त्यांना आढळून आले. पाण्याचा तुटवडा आणि चराईचा बिघडलेला तोल या दोन कारणांमुळे १९९० साली केवलादेवची नोंद धोक्यात आलेल्या रामसर स्थळांच्या विशेष सूचीत करावी लागली.

पाण्याचा तुटवडा पुढे अधिकच तीव्र झाला. गंभीर नदीवर, वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात पांचना नावाचे धरण बांधण्यात आले. नदीचे पाणी तेथे अडू लागले आणि अजान बांधाकडे येणारा ओघ क्षीण झाला. उद्यानाला दरवर्षी सुमारे ५५ कोटी घनफूट, म्हणजे दीड कोटी घनमीटरांहून अधिक पाणी लागते, असा अंदाज आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत पाऊसही कमी झाला आणि उद्यानाला आवश्यक त्याचा लहानसा अंशच मिळू लागला. २००४ साली धरणाचे पाणी उद्यानासाठी सोडावे की नाही, यावरून मोठा वाद झाला. धरणाखालील शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की आमची शेते तहानलेली असताना पाणी पाखरांना का द्यावे? या प्रश्नाला उडवून लावता येणार नाही. ज्याचे पीक डोळ्यांदेखत वाळत आहे, त्याला पाखरांचे कौतुक सांगणे सोपे नसते. पण पाखरांच्या बाजूनेही काही बोलावयाचे आहे. त्यांना मत नाही, वकील नाही, अर्ज करण्याची सोय नाही. शेकडो वर्षे ज्या वाटेने नदीचे पाणी येत होते, त्या वाटेवरच त्यांचा संसार उभा होता. शिवाय पाणथळ जागेत मुरलेले पाणी आसपासच्या विहिरींना मिळते. म्हणजे पाखरांना दिलेले पाणी सर्वस्वी पाखरांकडेच जाते, असेही नाही.

कोरड्या वर्षांत उद्यानाचे रूप पालटले. जेथे पाणी असावयाचे, तेथे वेडी बाभूळ माजली. परदेशातून आणलेले हे काटेरी झाड कोरड्या जमिनीत झपाट्याने पसरते आणि इतर झाडाझुडपांना वाढू देत नाही. ते समूळ उपटून काढण्याच्या कामी आसपासच्या गावांतील लोक पुढे आले. काढलेले लाकूड त्यांनी न्यावे, अशी व्यवस्था करण्यात आली. त्यामुळे चुलीला सरपण मिळाले आणि पाण्याला आपली जागा पुन्हा मिळाली. ज्या गावकऱ्यांशी पूर्वी संघर्ष झाला होता, त्यांच्याच हातांनी उद्यानाची ही सेवा झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पाण्यासाठीही दुसरे मार्ग शोधण्यात आले. यमुनेच्या खोऱ्यातील पुराचे पाणी वाहून नेणाऱ्या गोवर्धन नाल्यातून नळ टाकून पाणी आणण्याची योजना २०१२ च्या सुमारास सुरू झाली. चंबळ नदीवरून भरतपूरला येणाऱ्या पाण्याचाही काही वाटा उद्यानाला मिळू लागला. यामुळे उद्यान पुन्हा सावरले. थवे पुन्हा उतरू लागले आणि चित्रबलाकांची घरटी पुन्हा दिसू लागली. तरीही तज्ज्ञ एक भेद दाखवितात. नदीचे पुराचे पाणी मासे, बी आणि गाळ यांनी समृद्ध असते. शुद्ध करून नळातून आणलेल्या पाण्यात ही शिदोरी नसते. पातळी दाखविणाऱ्या खांबावर दोन्ही पाणी सारखेच उंच दिसते, पण पिलांच्या चोचीत पडणारा घास मात्र सारखा नसतो.

या उद्यानाची एक हानी मात्र भरून आलेली नाही. सैबेरियातील पांढरे क्रौंच हे येथील सर्वांत दूरचे पाहुणे. शुभ्र शरीर, लालबुंद चेहरा आणि उडताना दिसणारी पंखांची काळी टोके, असे त्यांचे रूप होते. पाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून ते हिवाळ्यात भरतपूरला येत आणि उथळ पाण्यातील लव्हाळ्याचे कंद उकरून खात. १९६०च्या दशकात त्यांची संख्या दोनशेच्या आसपास होती. ती वर्षानुवर्षे घटत गेली. २००१-०२ च्या हिवाळ्यात केवळ एक जोडी आली. त्यानंतर ते कधीही आले नाहीत. वाटेतील देशांत झालेली त्यांची शिकार आणि विसाव्याच्या पाणथळ जागांचा नाश, ही त्यांच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे मानतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्या पक्ष्याला वाटेवरची प्रत्येक पाणथळ जागा धर्मशाळेसारखी असते. त्यांपैकी एकेक बंद होत गेली, तर शेवटची उघडी राहूनही प्रवासी तेथे पोहोचत नाही. म्हणून एका देशाने आपले पाणी राखणे हे दुसऱ्या देशाच्या पाखरांवरही उपकार करणे असते.

भरतपूरचे हे वृत्त ऐकून आपल्या राज्याकडे लक्ष वळणे साहजिक आहे. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी एक दगडी बंधारा बांधला गेला. बंधारा शेतीसाठी होता आणि आजही तेथून निघणाऱ्या कालव्यांवर पुष्कळ शेती अवलंबून आहे. परंतु वर्षानुवर्षे गाळ साचून तेथे उथळ पाणी, चिखलाची बेटे आणि पाणगवत तयार झाले व पक्ष्यांनी ती जागा आपलीशी केली. लोक तिला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणू लागले. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि पुढे रामसर यादीत नोंदले गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. येथेही तोच नियम लागू पडतो. वरच्या धरणांतून पाणी सुटले, की पातळी चढते. कालव्याचे आवर्तन सुरू झाले, की ती उतरते. चिखलाचे बेट आज उघडे असेल, तर त्यावर चक्रवाक आणि तुतवार दिसतील. उद्या ते बुडाले, तर त्याच ठिकाणी चांदव्यांचे काळे थवे तरंगताना आढळतील. कोणी दोन भेटींत दोन निराळ्या याद्या केल्या, तर त्याने पक्ष्यांच्या लहरीपणाला दोष देऊ नये. त्याने पाणी किती होते, ते आठवून पाहावे.

म्हणून पक्षिनिरीक्षण करणाऱ्याने आपल्या वहीत पक्ष्यांच्या नावांबरोबर पाण्याचीही नोंद ठेवावी. दिनांक, वेळ, हवामान, पाणी चढत आहे की उतरत आहे, काठाचा चिखल किती रुंद उघडा आहे, पाण्यात कोठवर गवत आहे, या गोष्टी लिहाव्यात. अभयारण्यात किंवा बंधाऱ्यावर पातळी दाखविणारा आकड्यांचा खांब असेल, तर तो आकडा टिपून घ्यावा. खांब नसेल तर काठावरचा एखादा मोठा दगड, घाटाची पायरी किंवा बुंध्यावरील खूण निवडावी आणि पाणी तिच्या किती वर वा खाली आहे, ते दरवेळी दुरूनच पाहावे. पाण्यात उतरण्याचे कारण नाही. ज्या पक्ष्याला आपण पाहत आहोत, त्याला आपली चाहूल लागू नये, अशा अंतरावरूनच पाहावे. दगड मारून थवा उडवू नये. कारण थंडीच्या दिवसांत विनाकारण उडालेल्या पक्ष्याला तेवढी शक्ती पुन्हा अन्नातूनच मिळवावी लागते. घरट्यांजवळ तर मुळीच जाऊ नये.

अशी वही वर्षभर ठेवली, तर प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावच्या तळ्याचा पंचांगासारखा उपयोगी वृत्तान्त तयार करता येईल. पाणी कोणत्या महिन्यात किती उतरले आणि त्याबरोबर कोण आले व कोण गेले, हे त्यातून दिसेल. दोन-चार वर्षांच्या वह्या एकत्र केल्या, तर तळ्याचे काही बिघडत आहे की काय, हेही कळू लागेल. पातळी नेहमीसारखी असून पक्षी घटले असतील, तर पाण्यात गवत माजले आहे, पाणी दूषित झाले आहे किंवा काठ कोणी भरून टाकला आहे, असा तर्क करता येईल आणि तो वडीलधाऱ्यांच्या, ग्रामपंचायतीच्या कानी घालता येईल. भरतपूरचे रक्षणही अखेर अशाच नोंदींनी झाले. अभ्यासकांनी वर्षानुवर्षे टिपून ठेवले नसते, तर म्हशींचे आणि गवताचे नाते कोणालाच कळले नसते.

आपल्या देशात पाणी थोडे आणि त्याचे मागणारे पुष्कळ आहेत. शेत, गाव, कारखाना आणि नगर या सर्वांच्या मागण्या मोठ्या आवाजात होत असतात. पाणथळीची मागणी मात्र कोणी बोलून दाखवीत नाही. ती रिकाम्या घरट्यांतून आणि न उतरलेल्या थव्यांतून कळते. ती कळण्याइतके लक्ष ज्यांनी पाण्याकडे आणि पाखरांकडे दिले आहे, त्यांनाच पाण्याच्या वाटपात पाखरांचा न्याय्य वाटा मागता येईल.